लिनक्स सर्व्हरवरचा मायनर काढला तरी पुन्हा येतो: तो शिरतो कुठून, हे कसं शोधायचं

मायनर म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर गुपचूप चालून आपल्या मालकासाठी क्रिप्टोकरन्सी कमावणारा प्रोग्राम. त्याची लक्षणं अशी असतात. सर्व्हरचा पंखा दिवसभर जोरात फिरतो. बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडायला वेळ लागतो, कधी मधेच अडकतं. टॉप ही चालू प्रोग्राम (प्रोसेस) दाखवणारी कमांड लावली की एकच प्रोसेस सगळ्यात वर दिसते, चार कोअरच्या मशीनवर ३९० टक्क्यांच्या आसपास सीपीयू खाणारी. किल कमांडने ती बंद केली की मशीन शांत. चहा संपायच्या आत तीच प्रोसेस नव्या पीआयडीने (प्रोसेसच्या नंबराने) पुन्हा हजर. रीबूट करून झालं, टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधली फाइल उडवून झाली, एखाद-दोन दिवस बरं चालतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

मी अंधेरी, मरोळ, साकीनाका भागातल्या काही छोट्या ऑफिसांचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळतो. ही तक्रार इतक्या ठिकाणांहून येते की एकदा सगळं नीट लिहून काढावं असं वाटलं. जो प्रोग्राम डोळ्यांना दिसतोय तो काढणं सोपं आहे. तो परत येतो, कारण ज्या वाटेने आला ती वाट तशीच उघडी असते. म्हणून इथे काढण्याबद्दल कमी आणि वाट शोधण्याबद्दल जास्त लिहिलं आहे. कमांड आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

‘लिनक्स आहे ना, मग व्हायरस कसा?’

हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो, आणि बऱ्याचदा सॉफ्टवेअर बसवून गेलेल्या माणसानेच त्यांना तसं सांगितलेलं असतं. हे कधीच खरं नव्हतं. फ्रेड कोहेन यांनी नोव्हेंबर १९८३मध्ये व्हायरसचे प्रयोग केले ते युनिक्स (लिनक्स ज्या धर्तीवर बनलं ती जुनी सिस्टिम) चालणाऱ्या व्हॅक्स मशीनवरच. साध्या युजरच्या खात्यातून सुरुवात करून पाचही वेळा तासाभराच्या आत सगळ्या सिस्टिमचे हक्क व्हायरसच्या हाती आले, एकदा तर ५ मिनिटांच्याही आत. पुढे २ नोव्हेंबर १९८८ला रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेलच्या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटवरच्या हजारो मशीन्समध्ये शिरला. ती सगळी व्हॅक्स आणि सन कंपनीची युनिक्स मशीन्स होती. त्या वर्मच्या वाटा बघा: सेंडमेलमध्ये उघडी राहिलेली डीबगची सोय, फिंगर सर्व्हिसमधली चूक, एकमेकांवर डोळे झाकून विश्वास ठेवणारी मशीन्स आणि सहज ओळखता येणारे पासवर्ड. आज मरोळच्या गाळ्यातल्या सर्व्हरवर जे सापडतं त्याची जात हीच.

तरीही ही समजूत टिकून आहे त्याला कारण आहे. डेस्कटॉपवर लिनक्स वापरणाऱ्याला खरोखर त्रास कमी होतो. रोजचं काम रूटच्या, म्हणजे सगळे हक्क असलेल्या, खात्यातून होत नाही, डाउनलोड केलेल्या फाइलला चालवायची परवानगी मुद्दाम द्यावी लागते, सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशनच्या रेपॉझिटरीतून येतं. १९९६चा स्टाओग आणि १९९७चा ब्लिस हे लिनक्सचे पहिले व्हायरस फारसे पसरले नाहीत ते यामुळेच. पण ही सगळी राखण कोणीतरी चुकीच्या फाइलवर डबल-क्लिक करेल या धोक्यापासून आहे. सर्व्हरवर डबल-क्लिक कोणी करतच नाही. तिथे एखादी सर्व्हिस पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं आपलं दार, उघडून बसलेली असते आणि बाहेरून आलेला माणूस तिलाच सांगतो, हे चालव. ती चालवते. फाइलच्या परवानग्या आपल्या जागी बरोबर असतात आणि मशीन तरीही दुसऱ्याच्या ताब्यात जातं.

मायनर फक्त वीज आणि सीपीयू खातो, बाकी काही बिघडवत नाही, असं म्हणून काही जण चालवून घेतात. कृपा करून असं करू नका. ज्या वाटेने आज मायनर आला त्याच वाटेने उद्या डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर येतो. जून २०१७मध्ये दक्षिण कोरियातल्या नयाना या होस्टिंग कंपनीचे १५३ लिनक्स सर्व्हर एरेबस नावाच्या रॅन्समवेअरने बंद पाडले आणि कंपनीला सुमारे १० लाख डॉलर मोजावे लागले. तिथेही मशीन्स लिनक्सचीच होती.

प्रोसेसच्या नावापेक्षा तिचा मालक बघा

मरोळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यातलं उदाहरण घेतो, कारण त्यात जवळजवळ सगळं शिकण्यासारखं आहे. सुट्या भागांचा व्यापार, सात-आठ माणसं, कोपऱ्यात एक उबुंटू सर्व्हर, त्यावर स्टॉकचं सॉफ्टवेअर डॉकरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आत वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यांत (कंटेनरमध्ये). हिशेब बघणाऱ्या ताईंचा फोन आला: ‘दादा, शनिवारी बंद करून गेले होते, आज लावल्या लावल्या पंखा तसाच ओरडतोय.’

टॉपमध्ये नाव होतं केडेव्हटीएमपीएफएसआय. हे नाव मुद्दाम निवडलेलं आहे. कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) स्वतःचा केडेव्हटीएमपीएफएस नावाचा एक थ्रेड असतो, त्याच्या नावापुढे ‘आय’ जोडलं की घाईत बघणारा फसतो. खरं-खोटं ओळखायला पीएस मायनस ईएफ लावा. कर्नलच्या थ्रेडचं नाव चौकोनी कंसात येतं, मालक (ज्या युजरच्या नावाने ती चालते तो) रूट असतो आणि पालक प्रोसेसचा नंबर २ असतो. कंस नाही, मालक दुसराच कोणी, तर ती कर्नलची नाही. मग एलएस मायनस एल करून प्रॉक फोल्डरमध्ये त्या पीआयडीखालची ईएक्सई ही लिंक बघा. कर्नलच्या थ्रेडला मागे फाइल नसते. इथे लिंक टीएमपीतल्या एका फाइलकडे जात होती आणि शेवटी ‘डिलीटेड’ लिहिलेलं होतं. फाइल चालवून लगेच पुसून टाकायची, म्हणजे शोधणाऱ्याला डिस्कवर काही मिळत नाही. तपासासाठी नमुना हवा असेल तर प्रोसेस चालू असेपर्यंत त्याच ईएक्सई लिंकवरून सीपी करून घेता येतो.

खरा धागा मालकाच्या रकान्यात असतो. वेबसाइटचा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा युजर दिसला तर तो वेबसाइटमधून आला आहे. पोस्टग्रेस दिसला तर डेटाबेसचा पासवर्ड गेला आहे, कारण पोस्टग्रेसमध्ये सुपरयुजरला कॉपी कमांडमधून थेट प्रोग्राम चालवता येतो. ऑफिसातल्या एखाद्या माणसाच्या नावाचं खातं दिसलं तर एसएसएचचा (दुरून लॉगिन करायच्या सोयीचा) पासवर्ड ओळखला गेला आहे असं धरून चाला. रूट दिसला तर पुढचं सगळं वाचा, पण शेवटी मशीन नव्याने बसवायची तयारी ठेवा. माझा अनुभव असा की बहुतेक जण हा रकाना वाचतच नाहीत, नाव गूगल करतात, मिळालेली किलची कमांड चालवतात आणि उत्तर डोळ्यांसमोर असूनही निसटतं.

गाळ्यातल्या मशीनवर मालकाच्या जागी नाव नव्हतं, नुसता ९९९ हा आकडा होता. आणि सर्व्हरच्या टीएमपीत शोधलं तर तिथे काहीच नाही. असं दिसलं की डॉकरचा संशय घ्यायचा. कंटेनरमधल्या युजरचा नंबर बाहेरच्या सिस्टिमला माहीत नसतो, म्हणून ती नुसता आकडा दाखवते, किंवा त्याच नंबरच्या भलत्याच सिस्टिम युजरचं नाव दाखवते. सर्व्हरचं टीएमपी रिकामं, कारण लिंकमधलं टीएमपी कंटेनरच्या आतलं आहे. त्या पीआयडीची सीग्रुप फाइल कॅट करा. त्यात बहुतेक कंटेनरचा लांबलचक आयडी मिळतो, तो डॉकर पीएसशी जुळवायचा. इथे तो रेडिसच्या कंटेनरचा निघाला, आणि इमेज बरीच जुनी होती.

रेडिस, डॉकर आणि फायरवॉलचा गैरसमज

रेडिस ही डेटा मेमरीत ठेवणारी छोटी, जलद सर्व्हिस आहे. ती विश्वासातल्या नेटवर्कसाठी लिहिलेली आहे आणि तिचे लेखक साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी हे सुरुवातीपासून सांगितलं आहे. उघड्या रेडिसमधून एसएसएचची किल्ली कशी घुसवता येते हे त्यांनी २०१५मध्ये स्वतः लिहून दाखवलं होतं. त्यानंतर ३.२ आवृत्तीत प्रोटेक्टेड मोड आला. पासवर्ड नसेल आणि कुठे ऐकायचं हे सांगितलेलं नसेल, तर बाहेरच्याला उत्तरच द्यायचं नाही. पण डॉकरची अधिकृत रेडिस इमेज हा मोड बंद ठेवून येते, कारण नाहीतर दुसऱ्या कंटेनरला तिच्याशी बोलता येणार नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या कंपोज फाइलमध्ये (कंटेनर कसे चालवायचे ते डॉकरला सांगणाऱ्या फाइलमध्ये) पोर्ट्सच्या खाली एवढीच ओळ होती:

६३७९:६३७९

याचा अर्थ मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर हा पोर्ट उघडा. ऑफिसचं म्हणणं, ‘पण फायरवॉल चालू आहे.’ ते खरंच होतं. यूएफडब्ल्यू ही उबुंटूची फायरवॉल, तिचं स्टेटस लावलं तर ॲक्टिव्ह, आणि फक्त २२ आणि ४४३ला परवानगी. अडचण अशी की डॉकर पोर्ट उघडताना आयपीटेबल्समध्ये (खालच्या पातळीवरच्या फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम घालतो आणि ते पॅकेट यूएफडब्ल्यूच्या इनपुटच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. ते आधीच कंटेनरकडे वळवलेलं असतं. त्यामुळे यूएफडब्ल्यू बंद म्हणतो आणि पोर्ट उघडा असतो. ही गोष्ट डॉकरच्या कागदपत्रांत लिहिलेली आहे, पण ऑफिसला सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या किती जणांनी ती वाचली असेल, शंका आहे.

आता राउटर. मुंबईतल्या बऱ्याच लोकल केबलवाल्यांच्या इंटरनेटवर सामायिक पत्ता असतो, बाहेरून कोणी थेट आत येऊ शकत नाही. पण मालकांना घरून स्टॉक बघायचा असतो, कॅमेरे मोबाइलवर हवे असतात, म्हणून स्टॅटिक आयपी घेतला जातो. सेटिंग करणारा माणूस एक-एक पोर्ट फॉरवर्ड करत बसण्याऐवजी सर्व्हरचा पत्ता राउटरच्या डीएमझेडमध्ये टाकून मोकळा होतो. इथे तेच झालेलं होतं. डीएमझेड म्हणजे बाहेरून येणारं सगळं त्या एका मशीनकडे पाठवा. तीन सेटिंग्ज, प्रत्येक वेगळ्या माणसाने केलेली, आणि तिन्ही मिळून जगाला उघडं रेडिस.

कंटेनर रीस्टार्ट केला तर टीएमपीत पुसायची राहिलेली फाइल कंटेनरच्या आत तशीच राहते. पूर्ण काढून नव्याने उभा केला तर फाइल जाते, पण पोर्ट उघडाच असतो. उघडे ६३७९ शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात, त्यांच्यापैकी एखादा थोड्याच वेळात पुन्हा पोचतो. ताईंना वाटत होतं की शनिवारी काहीतरी अर्धवट काढलं गेलं. प्रत्यक्षात शनिवारी पूर्ण गेलं होतं आणि सोमवारी सर्व्हर लावल्यावर नव्याने आलं होतं. या दोन्ही शक्यता वेगळ्या आहेत आणि उपायही वेगळे आहेत, म्हणून आधी हे ठरवा की तुमच्याकडे तो लपून राहतोय की पुन्हा शिरतोय. ओळखायची सोपी रीत: इंटरनेटची केबल काढून मशीन रीबूट करा आणि अर्धा-पाऊण तास टॉप बघत बसा. नेट नसताना उगवला तर तो आत लपलेला आहे. नेट नसताना शांत, आणि जोडल्यावर आला, तर दोन शक्यता उरतात: आत फक्त त्याला डाउनलोड करणारी ओळ आहे, किंवा तो बाहेरून येतोय.

कंपोज फाइलमधला उपाय एका ओळीचा आहे:

१२७.०.०.१:६३७९:६३७९

कंटेनर एकमेकांशी डॉकरच्या नेटवर्कवरूनच बोलत असतील तर ही पोर्ट्सची नोंदच काढून टाकलेली सगळ्यात उत्तम. शिवाय इमेज नवी घ्या. रेडिस ७पासून बाहेरून मॉड्यूल चढवण्याची कमांड मुळातच बंद असते, आणि जुन्या रेडिसवर ताबा मिळवताना तीच वापरली जाते. डीएमझेड काढा. घरून बघायची गरज असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन लावा, त्याला एकच यूडीपी पोर्ट लागतो.

मग तपासा, पण ऑफिसच्या वायफायवरून नाही. आतून सगळंच उघडं दिसतं. मोबाइलच्या डेटावर हॉटस्पॉट लावून लॅपटॉपवरून ऑफिसच्या स्वतःच्या आयपीवर एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्राम) चालवा आणि फक्त हवे तेवढेच पोर्ट दिसतात ना ते बघा. २३७५ दिसला तर सगळी कामं बाजूला ठेवून तो बंद करा. तो डॉकरचा विनापासवर्ड रिमोट पोर्ट आहे. त्यातून कोणीही अख्खी डिस्क जोडलेला कंटेनर उभा करू शकतो, म्हणजे रूटच मिळाला.

तो आतच लपलेला असेल तर

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी नेट तोडा. मग किल करण्याऐवजी किल मायनस स्टॉप द्या, म्हणजे प्रोसेस गोठते पण मरत नाही. या टोळीत बहुतेक दोन प्रोसेस असतात, एक मायनिंग करणारी आणि दुसरी तिच्यावर नजर ठेवणारी, उदाहरणार्थ किन्सिंग. पहिली मेली की दुसरी तिला पुन्हा उभी करते. दोन्ही गोठवल्या की शांतपणे बघायला वेळ मिळतो.

सगळ्यात आधी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय), आणि तेही प्रत्येक युजरचं. नुसतं क्रॉनटॅब मायनस एल तुमचं स्वतःचंच दाखवतं. दादरच्या एका क्लासच्या वेबसाइटच्या सर्व्हरवर रूटचं क्रॉनटॅब स्वच्छ होतं आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या क्रॉनटॅबमध्ये एक ओळ होती: पाच तारे, मग डब्ल्यूगेट, एक परका आयपी पत्ता, आणि शेवटी पाइप करून एसएच. दर मिनिटाला बाहेरून स्क्रिप्ट आणायची आणि चालवायची. काही वेळा ती ओळ अशा अक्षरांनी झाकलेली असते की साध्या कॅटला दिसत नाही, म्हणून कॅट मायनस कॅपिटल ए वापरा. त्या साइटवर एक प्लगइन कित्येक दिवस अपडेट झालेला नव्हता, वाट तीच होती.

क्रॉननंतर ईटीसीमधली क्रॉनची सगळी फोल्डर्स, सिस्टिमसीटीएल लिस्ट-टाइमर्स, सिस्टिमडीच्या फोल्डरमध्ये अलीकडे आलेल्या सर्व्हिस, प्रत्येक युजरची बॅश आरसी आणि प्रोफाइल, आणि एसएसएचची ऑथराइज्ड कीज फाइल. या शेवटच्या फाइलमध्ये अनोळखी किल्ली असेल तर पासवर्ड कितीही वेळा बदला, त्याला फरक पडत नाही. पासडब्ल्यूडी फाइलमध्ये रूटशिवाय आणखी कोणाचा युआयडी शून्य आहे का, तेही बघून घ्या.

फाइल रूट असतानाही पुसली जात नसेल आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येत असेल तर डिस्कवर शंका घेऊ नका. एलएसएटीटीआर लावा, आय अक्षर दिसेल. सीएचएटीटीआर मायनस आय करा आणि मग पुसा. काही जण या टप्प्यावर हार्ड डिस्क बदलायला सांगतात, त्या खर्चाची गरज नाही.

सगळ्यात फसवा प्रकार हा: पंखा ओरडतोय, सीपीयू भरलेला दिसतोय, पण टॉपच्या यादीत एकही जड प्रोसेस नाही. तेव्हा ईटीसीमध्ये एलडी डॉट एसओ डॉट प्रीलोड नावाची फाइल आहे का बघा. साध्या सर्व्हरवर ती बहुतेक नसतेच. तिच्यात एखाद्या लायब्ररीचं नाव असेल तर प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना ती लायब्ररी आधी चढते आणि पीएस, टॉप, एलएस यांच्या उत्तरातून स्वतःला गाळून टाकते. यावर बिझीबॉक्सची स्टॅटिक प्रत पेनड्राइव्हवर जवळ ठेवा. ती अशा लायब्ररी चढवत नाही, त्यामुळे बिझीबॉक्स पीएस आणि साधं पीएस यांच्या यादीत फरक पडला की लपलेलं उघडं पडतं.

अँटीव्हायरसबद्दल विचारणा होते. क्लॅमएव्ही चांगला आहे, पण त्याचा मुख्य उपयोग मेलमधून आणि शेअर फोल्डरमधून फिरणाऱ्या फाइल तपासायला. मायनरची फाइल रोज थोडी बदलते, शिवाय डिस्कवर नसतेच. त्यापेक्षा डेबसम्स किंवा आरपीएम मायनस व्हीए चालवून पॅकेजच्या मूळ फाइल बदलल्या गेल्या आहेत का हे पाहणं जास्त कामाचं, अर्थात रूट गेलेला नसेल तरच त्या उत्तरावर भरवसा ठेवा.

एकाला साफ केलं, दुसऱ्याकडून आला

एकाहून जास्त लिनक्स मशीन असलेल्या ऑफिसात हे कारण हमखास सुटतं. किन्सिंगसारखा प्रोग्राम आत आला की तो त्या युजरच्या एसएसएचच्या किल्ल्या, नोन होस्ट्स फाइल आणि बॅश हिस्टरी वाचतो. कोणत्या मशीनवर कोणत्या किल्लीने जाता येतं हे त्याला आयतं मिळतं. तुम्ही पहिलं मशीन साफ करता, बॅकअपच्या मशीनवर तो तसाच असतो, रात्री तिथून परत. म्हणून सगळी मशीन्स एकाच वेळी नेटवर्कवरून सोडवायची, सगळ्या किल्ल्या नव्या करायच्या आणि मगच एकेक जोडायचं. बॅकअपचं मशीन सर्व्हरवर जाऊन डेटा ओढून आणेल अशी रचना ठेवा. सर्व्हरला बॅकअपवर लॉगिन करायची परवानगी देऊ नका.

एसएसएचचा पासवर्ड बंद करतानाची एक अडचण सांगतो. मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशन नो लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी ऑथ लॉगमध्ये ‘फेल्ड पासवर्ड’च्या ओळी येतच राहतात. क्लाउडवरच्या उबुंटूमध्ये एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी या फोल्डरात क्लाउड-इनिटची एक छोटी फाइल असू शकते आणि तिच्यात येस लिहिलेलं असतं. ती फाइल आधी वाचली जाते आणि एसएसएचमध्ये पहिलं आलेलं मूल्यच धरलं जातं. एसएसएचडी मायनस कॅपिटल टी चालवून प्रत्यक्षात काय लागू आहे ते बघा, फाइलवर विसंबू नका.

नव्याने बसवायचं की नाही

कंटेनरपुरतंच होतं, कंटेनर रूटने चालत नव्हता, बाहेरची कोणतीही फोल्डर त्याला जोडलेली नव्हती, तर कंटेनर टाकून नवा उभा करा, पुरे. गाळ्यात एवढ्यावर भागलं. पण प्रोसेस थेट सर्व्हरवर चालत असेल, आणि सर्व्हर अपडेट झालेला नसेल, तर साधा युजर रूटपर्यंत पोचला नसेल असं समजू नका. जानेवारी २०२२मध्ये उघड झालेली पीकेएक्झेकमधली चूक, जिला पीडब्ल्यूएनकिट म्हणतात, २००९पासून त्यात होती आणि कोणत्याही साध्या युजरला रूट करत होती. २०१६मध्ये सापडलेली डर्टी काऊ ही कर्नलमधली चूक त्याहून जुनी. सेंटओएस ७चा आधार ३० जून २०२४ला संपला, तरी ते चालू असलेली ऑफिसं मला आजही दिसतात. अशा मशीनवर तासन्‌तास साफसफाई करण्यापेक्षा डेटा काढा, डिस्क पुसा, नवी आवृत्ती बसवा. डेटा म्हणजे डेटाच: डेटाबेसचा डंप, अपलोड झालेल्या फाइल. जुने प्रोग्राम, जुनं क्रॉन, जुनं होम फोल्डर उचलून आणलं तर त्याच्याबरोबर तोही येईल.

नव्या मशीनवर जुने पासवर्ड वापरायचे नाहीत, डेटाबेसचे आणि मेलचेसुद्धा. ते त्या मशीनवर साध्या मजकुरात पडलेले होते आणि वाचले गेले असं धरूनच चालायचं.

कंपनीवर कायद्याचंही बंधन आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सर्व्हर ताब्यात जाणं, मालवेअर शिरणं अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. म्हणून डिस्क पुसण्याआधी लॉगची प्रत बाहेर काढा.

सोसायटीचा डीव्हीआर हेही लिनक्सच

काही ठिकाणी सर्व्हर स्वच्छ असतो आणि तरी नेट रडतखडत चालतं. तेव्हा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डीव्हीआरकडे बघा. सोसायट्यांमध्ये हे फार आहे. वॉचमनच्या केबिनमधल्या त्या डब्यात बहुतेक लिनक्सच असतं आणि ते बसवल्यापासून कधी अपडेट झालेलं नसतं. २०१६चा मिराई हा मालवेअर अशाच डब्यांवर जगला. टेलनेटचा पोर्ट शोधायचा, कारखान्यातून आलेले साठेक ठरलेले पासवर्ड लावून बघायचे, उघडलं की आत. त्या डब्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ला डाइन कंपनीच्या डीएनएसवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेवर) हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळत होत्या.

मिराई फक्त मेमरीत राहतो. म्हणून सेक्रेटरीकाका सांगतात ते बरोबरच असतं: ‘स्विच बंद करून चालू केलं की होतं बरं.’ रीबूटने तो जातो. पण पासवर्ड तोच आणि पोर्ट उघडाच, म्हणून पुन्हा येतो. वेबपेजवरून ॲडमिनचा पासवर्ड बदलणं पुरेसं असेलच असं नाही, कारण काही डीव्हीआरमध्ये टेलनेटचा पासवर्ड फर्मवेअरमध्येच पक्का बसवलेला असतो. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग काढा, यूपीएनपी बंद करा (नाहीतर डीव्हीआर स्वतःच राउटरला सांगून पोर्ट उघडून घेतो), डीव्हीआर ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळ्या व्हीलॅनवर टाका. कंपनी नवं फर्मवेअर देत नसेल तर डबा बदलण्याचा खर्च कमिटीपुढे ठेवा.

मॅकवाल्यांसाठी दोन ओळी, कारण गोरेगाव-अंधेरीच्या एडिटिंग स्टुडिओंमधून हीच तक्रार वेगळ्या रूपात येते. मॅकओएस हेही युनिक्सच, आणि २०१२मध्ये फ्लॅशबॅक हा मालवेअर जावातल्या चुकीतून सुमारे ६ लाख मॅकमध्ये शिरला होता. सर्चचं पान सारखं बदलत असेल आणि ॲप काढूनही परत होत असेल तर लायब्ररीतली लॉन्च एजंट्स आणि लॉन्च डेमन्स ही फोल्डर्स आणि सेटिंग्जमधले प्रोफाइल्स बघा. वाट बहुतेक क्रॅक केलेल्या प्लगइनची असते. तो प्लगइन ठेवून साफसफाई करण्यात वेळ घालवू नका.

झाल्यानंतर

पहिला आठवडा रोज सकाळी एसएस मायनस टीएनपी लावून सर्व्हर बाहेर कोणाशी बोलतोय ते बघा. स्टॉकच्या सर्व्हरला बाहेर बोलायचं कारण फार कमी असतं: अपडेट, वेळ जुळवणं, बॅकअप. तेवढंच बाहेर जाऊ द्या, बाकी राउटरवरच अडवा. मग एखादी वाट नजरेतून सुटली असली तरी मायनरला त्याच्या पूलपर्यंत (ज्या सर्व्हरला तो आपलं काम पाठवतो तिथपर्यंत) पोचता येत नाही, आणि अडवलेल्या जोडण्यांच्या लॉगमधून तुम्हाला त्याचा पत्ता लागतो.

आणि सॉफ्टवेअर देणाऱ्याला लेखी कळवा की कंपोज फाइलमधली पोर्टची ओळ बदलली आहे, ती त्यांच्या मूळ कोडमध्येही बदला. सर्व्हरवरची फाइल तुम्ही दुरुस्त केली तरी पुढच्या अपडेटला ते आपल्या लॅपटॉपवरून जुनी फाइल चढवतात, आणि ६३७९ पुन्हा जगाला उघडा होतो. अपडेट झाल्याच्या दिवशी मोबाइलच्या डेटावरून एनमॅप पुन्हा एकदा चालवा.